दोन आसांमधली जागा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. त्यांच्या काळी घराला चाके नसत आणि वऱ्हाडाला बैलगाडी पुरत असे, म्हणून ही म्हण दोनच अनुभवांवर थांबली. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले ते पाहता तिला तिसरे कलम जोडण्याचा अधिकार मला पोहोचतो असे वाटते. ते कलम असे : बस पाहावी घेऊन.

बस म्हणजे बसून जाण्याची नव्हे, राहण्याची. जुनी बस विकत घ्यावी, तिची आसने काढावीत, आत खाट, चूल, पाण्याची टाकी, मोरी असा संसार मांडावा आणि घरच घेऊन गावोगाव हिंडावे, हा उद्योग आपल्याकडे अजून नवलाचा आहे. पैसेवाल्यांची हौस म्हणून लोक त्याकडे पाहतात. आमच्याकडे मात्र तो हौसेपायी आला नाही. आईच्या पाठीपायी आला.

आमचे घराणे एसटीचे. वडील कंडक्टर होते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते धुळ्याला एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे काम करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. मी एकटा चाकांऐवजी काना-मात्रांकडे वळलो आणि कॉलेजात मराठी शिकवू लागलो. नवरा एसटीत, मुलगा एसटीत, आणि आई स्वतः? वणीची सप्तशृंगी आणि एकदा पंढरपूर, एवढाच तिचा प्रवास. घरात पास असतो तेव्हा जाणे नेहमी पुढच्या वर्षावर ढकलले जाते. 'मुलांच्या परीक्षा होऊ दे', 'पाऊस होऊ दे', 'धाकट्याचे लग्न होऊ दे' असे करता करता ती एकोणऐंशी वर्षांची झाली, आणि मणक्याच्या दुखण्याने तिला गाठले. डॉक्टरांनी सांगितले, "तासाभराच्या वर बसायचे नाही. प्रवास करायचाच असेल तर निजून करा." आणि नेमके त्याच वर्षी आईने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितले. तिला नर्मदेची परिक्रमा करायची होती.

सोनगीरच्या माणसाला नर्मदा परकी नाही. आमचे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. सरकारने या रस्त्याचा क्रमांक बदलला, तरी आमच्या तोंडी तो आग्रा रोडच आहे. किल्ल्याची टेकडी पाठीशी टाकून उत्तरेला निघाले, की नरडाणा, सावळद्याचा तापीवरचा पूल, शिरपूर, मग बिजासनचा घाट, सेंधवा आणि खलघाटला नर्मदा. जाऊन येणे एका दिवसाचे. परंतु परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता अमरकंटकपासून समुद्रापर्यंतचे दोन्ही तीर फिरायचे. नदीच मुळी १,३१२ किलोमीटर लांब. गाडीने म्हटले तरी दोन-तीन आठवडे हवेत. ते निजून कसे करायचे?

दादांनी काही दिवस कुणाशी चर्चा केली नाही. मग एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतले आणि बँकेचे पुस्तक पुढे ठेवले. निवृत्तीचे जे पैसे आले होते, त्यांतला मोठा भाग त्यांनी या कामासाठी बाजूला काढला होता. "बस घेऊ. तिचे घर करू. आई निजून जाईल," ते म्हणाले. चौतीस वर्षांची कमाई एका जुन्या गाडीत घालायची, म्हणजे गाडीची निवड चुकून चालणार नव्हती. आणि ती चुकली असती तर पैशांआधी आईच्या पाठीला कळले असते.

बस घ्यायची ठरल्याची बातमी फुटताच नातलगांत सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणाले, इंजिन पाहा. कुणी म्हणाले, पत्रा पाहा. मेहुण्यांनी काचा पाहायला सांगितल्या, आणि आमच्या सौ.ने रंगाविषयी दोन शब्द सुचवले. दादांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि प्रत्येक गाडीपाशी गेल्यावर पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ते पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. सोनगीरच्या तांबट आळीत आम्ही लहानाचे मोठे झालो. तिथे भांडे घ्यायला आलेला जाणता माणूस झळाळी पाहत नाही. तो भांडे पालथे घालून बूड पाहतो आणि बोटाने वाजवून कान देतो. दादांची रीत तीच. हातोडीने कमानीचा एकेक पाटा वाजवायचा. धड पाटा खणकतो, तडकलेला बद्द बोलतो. मग ते मागच्या आसाच्या जाड नळीवर हात फिरवत आणि तेल पाझरले आहे का, जोड दिला आहे का, ते पाहत.

आस हा शब्द मी मुद्दाम वापरला. कार्यशाळेत सगळे 'अ‍ॅक्सल' म्हणतात. परंतु पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते हे आपण चौथीत घोकलेले असते, आणि तोच हा आस. संस्कृतातला अक्ष, लॅटिन व इंग्रजी भाषांतले शब्दही त्याचेच सख्खे भाऊ. चाक शोधून काढणाऱ्या माणसाने दोन चाके जोडणारा दांडा केला, तेव्हापासून हा शब्द माणसाबरोबर चालत आला आहे. मराठीत आणखी एक आस आहे, आशेपासून आलेली. व्याकरणाच्या दृष्टीने दोघांचे नाते नाही. पण आईची आस आणि बसचा आस ही दोन्ही आमच्या घरात एकाच वेळी चर्चेला आली, तेव्हा मला शब्दकोशातली ही शेजारीण-शेजारी फार जवळची वाटली.

आसाची किंमत काय असते हे पाहायला सोनगीरच्या माणसाला लांब जावे लागत नाही. गावाजवळ टोलनाका आहे. तिथल्या फलकावर रंग, वय, इंजिन यांची विचारपूस नाही. विचारतात ते आस किती एवढेच. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ सालच्या नियमांत मूळ दर ठरले ते असे : मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, दोन आसांच्या बसला वा ट्रकला २ रुपये २० पैसे, तीन आसांच्या व्यापारी गाडीला २ रुपये ४० पैसे, आणि चार ते सहा आसांना ३ रुपये ४५ पैसे. पुढे हे दर वर्षाला वाढत गेले, पण हिशेबाची रीत तीच राहिली. जो रस्ता झिजवतो त्याने भरावे, हा त्यामागचा न्याय.

आणि रस्ता कोण किती झिजवतो याचा हिशेब लोकांनी मोठ्या मेहनतीने काढलेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्त्यांची वर्तुळे बांधली आणि सैन्यातल्या ड्रायव्हरांकडून निरनिराळ्या वजनांचे ट्रक त्यांवरून सतत फिरवले. निष्कर्ष असा निघाला की, रस्त्याची झीज गाडीच्या एकूण वजनावर अवलंबून नसते. एका आसावर किती वजन आले यावर असते, आणि तीही साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट नव्हे, सोळा पट! कॉलेजात गणिताच्या सहकाऱ्याला मी हे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दोनाचा चौथा घात सोळा, यात नवल काय?" त्याला नवल नव्हते. मला मात्र होते. एकाच खांद्यावर सारे टाकले तर खालची जमीनच खचते, हे आपल्या घराघरांतले सत्य कुणीतरी डांबरावर मोजून दाखवले होते.

आपल्या देशात या भाराला कायद्याची मर्यादा आहे. पुढच्या दोन टायरांच्या आसाला सहा टन, मागच्या चार टायरांच्या आसाला १०.२ टन, मिळून १६.२ टन, हा दोन आसांच्या गाडीचा जुना हिशेब. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने तो वाढवला. मालवाहू गाडीच्या मागच्या आसाला ११.५ आणि एकूण १८.५ टन झाले. ही बातमी सांगून एका दलालाने दादांना पटवायचा यत्न केला. "साहेब, आता घाला काय घालायचे ते!" दादा शांतपणे म्हणाले, "राजपत्र निघाले म्हणून जुना आस जाड होत नाही." गाडी ज्या वजनासाठी कारखान्यात घडली, त्याचा आकडा चेसीसवरच्या पट्टीवर ठोकलेला असतो. दादांच्या लेखी तोच वेद.

दादांना या कामाचा अनुभव अगदीच नव्हता असे नाही. एसटीचा जन्मच मुळी कुणाच्या तरी चेसीसवर आपली बॉडी बसवण्यातून झालेला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर अशी पहिली गाडी निघाली ती बेडफर्डच्या चेसीसवरची, तीस आसनांची. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मोठ्या कार्यशाळांतून हजारो बॉड्या बांधल्या गेल्या. २०२० साली टाळेबंदीत प्रवासी घरी बसले, तेव्हा महामंडळाने जुन्या बसांची आसने काढून, खिडक्यांना पत्रे ठोकून त्यांचे मालट्रक केले. त्या वेळी दादा नोकरीत होते. आसने काढल्यावर बस हलकी होते, मग माल भरल्यावर ती कुठे बसते, पुढे की मागे, हे त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले होते. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे झाली. 'ती' हे त्यांचे नाव. दादांना तो उपक्रम फार आवडे. पण ते म्हणत, "ती गाडी उभी असते. उभ्या गाडीला भिंती पुरतात. चालत्या गाडीला तोल लागतो."

त्यांच्या मनात अर्थातच एसटीचीच गाडी होती. ते काही जमले नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची, त्यांत राज्य परिवहनाच्या बसाही आल्या, नोंदणी संपते आणि त्या भंगारातच जातात. आयुष्यभर ज्या गाड्यांना ग्रीस घातले, त्यांतली एकही घरी आणता येत नाही, याचे दुःख दादांनी बोलून दाखवले नाही. फक्त त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर जेवले. मग त्याच जातीच्या चेसीसवरची, कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी एखादी बस शोधायची ठरली.

शोधात एक मोहिनी आडवी आली. मोठ्या शहरातल्या एका दलालाने तीन आसांची, साडेचौदा मीटर लांबीची, पूर्वी रात्रीच्या लांबच्या फेऱ्या करणारी वातानुकूलित बस दाखवली. हवेच्या फुग्यांवर तरंगणारी, आत शिरताच विमानात आल्यासारखी. आणि भाव? ऐकून मेहुण्यांनी खिशातून लेखणीच काढली. एवढी मोठी गाडी, एवढ्या स्वस्तात! शिवाय तीन आस म्हणजे दोनांहून जास्त, आणि जास्त ते चांगले, असा सर्वांचा समज.

अमेरिकेतही हा मोह जुना आहे. ग्रेहाउंड कंपनीसाठी जनरल मोटर्सने १९५४ ते १९५६ या काळात 'सीनिक्रूझर' नावाच्या १,००१ दीडमजली बसा बांधल्या. तीन आसांच्या, राजेशाही. त्या सेवेतून निघाल्यावर हौशी लोकांनी त्यांतल्या कित्येकींची घरे केली, आणि काही अजून फिरतात. ज्याला अवजड सामान न्यायचे आहे, मोठे कुटुंब कायम गाडीतच राहायचे आहे, त्याला तिसरा आस वरदान ठरतो. भार वाटला जातो, रस्ता वाचतो, एखादा टायर बसला तरी शेजारी आधार असतो. हे दादा मान्य करीत. पण ते विचारीत, "आपला भार किती? आधी तो सांगा. मग आस मोजू."

त्या तीन आसांच्या गाडीची काटा-चिठ्ठी आम्ही पाहिली. ती रिकामीच आमच्या भरलेल्या घराहून जड होती. म्हणजे तिसरा आस आमचे ओझे वाहणार नव्हता. तो तिचे स्वतःचेच ओझे वाहत होता. शिवाय हा तिसरा आस गाडी ओढत नाही. इंजिनाची ताकद मधल्या आसाला. मागचा नुसता भार घेतो. वळणावर दोनपैकी एका आसाचे टायर घासत जातात. टायर सहाऐवजी आठ, फुगे, झडपा, हवेच्या नळ्या. आणि यांतले काही बिघडले तर अमरकंटकच्या वाटेवर कुठला मिस्त्री ते जोडून देणार? पाट्याची कमान तुटली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी लोहार उभा असतो. मोठ्या गाडीची लांबी तर आणखी निराळी पंचाईत. नदीकाठच्या गल्ल्या आणि धर्मशाळांची आवारे काही साडेचौदा मीटरांचा विचार करून बांधलेली नाहीत. आणि खानदेशातल्या काळ्या मातीवर, पावसानंतर, जड गाडीने रस्ता सोडला की ती तिथलीच होते.

मेहुणे निराश झाले. त्यांची समजूत घालताना दादांनी मुंबईचे उदाहरण दिले. बेस्टची दुमजली बस १९३७ साली आली, आणि तिची जुनी लाल पिढी सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. दोन मजले माणसांनी भरलेले, पण आस दोनच! "मजले वाढले म्हणून आस वाढत नाहीत," दादा म्हणाले. "वजन वाढले तर वाढतात."

शेवटी गाडी मिळाली ती साधी. दोन आस, अकरा मीटर लांबी, दोन आसांतले अंतर साडेपाच मीटर, इंजिन पुढे ड्रायव्हरशेजारी. पट्टीवर आकडा १६,२०० किलो. घेण्यापूर्वी दादांनी ती एका जिनिंगच्या भुईकाट्यावर नेली. कापसाच्या गाड्या जिथे तोलतात तिथे बस आलेली पाहून काटेवाला हसला. दादांनी आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली : ३,७०० किलो. मग पुढची उतरवून मागची घेतली : ५,५००. एकूण ९,२००. एका चिठ्ठीऐवजी दोन चिठ्ठ्या घेणारा हा पहिलाच गिऱ्हाईक असावा. आसने काढल्यावर पुन्हा काटा केला, तेव्हा ७०० किलो कमी भरले. पुढे ३,४५०, मागे ५,०५०. ही आमच्या घराची जोती.

इथून पुढे आमच्या ओटीवर जे चालले त्याला मी तराजूपर्व म्हणतो. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी तोलली गेली. प्लायवूड, खाट, गादी, शेगडी, सिलिंडर, बॅटऱ्या, स्टेपनी, आईची देवाची पेटी. तांब्याचा बंब न्यायचा की नाही यावर दोन दिवस वाद झाला आणि बंब हरला. सोनगीरच्या माणसाला तांब्याचे वजन कुणी शिकवावे लागत नाही, पितळेची भांडी एसटीच्या टपावर चढवताना वडिलांनी किती वेळा हमालाला म्हटले असेल, "अरे, वर एवढे नको, गाडी झुलते!" तेच तत्त्व दादांनी पाळले. जड ते खाली, हलके ते वर. टपावर काही नाही.

पाण्याच्या टाकीने मात्र मला यंत्रशास्त्राचा पहिला खरा धडा दिला. टाकी ५०० लिटरची, म्हणजे भरल्यावर ५०० किलो. मी सुचवले की ती अगदी मागे, कोपऱ्यात टाकावी. आत जागा मोकळी राहील. दादांनी अंगणात एक फळी विटेवर ठेवली आणि मला विचारले, "लहानपणी सी-सॉ खेळलास ना?" मग त्यांनी हिशेब सांगितला. टाकी मागच्या आसाच्या २.२ मीटर मागे ठेवली तर मागच्या आसावर ५०० नव्हे, ७०० किलो येतात. कारण ती पुढचे टोक उचलते आणि पुढच्या आसावरून २०० किलो कमी होतात. पुढचा आस हलका झाला की सुकाणूची चाके रस्ता नीट धरत नाहीत. घाटात त्याचा अर्थ काय होतो तो सांगायला नको. तीच टाकी दोन आसांच्या बरोबर मध्ये ठेवली तर २५० इकडे आणि २५० तिकडे. पाणी तेवढेच, गाडी तीच. जागा बदलली की साडेचारशे किलोंचा चमत्कार! मागच्या आसाच्या मागे बॉडी किती लोंबावी यालाही नियम आहे : दोन आसांतल्या अंतराच्या शेकडा ६० हून जास्त नाही. आमच्या गाडीत ते ३.३ मीटर. पण नियमाने जागा दिली म्हणून तिथे भार टाकावाच असे नाही, हे दादांचे म्हणणे. टाकी मध्यावर गेली, उजव्या अंगाला. समोर डाव्या अंगाला स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे गाडी एका कुशीवर कलायला नको.

आई हे सारे खाटेवरून ऐकत असे. एक दिवस ती म्हणाली, "ते बठं ऱ्हाऊ दे. मी कोठे निजसू ते सांग."

दादांनी तिचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. एसटीने प्रवास केलेल्या कुणालाही विचारा, शेवटच्या बाकावर बसलेला माणूस खड्ड्यात छपराकडे का उडतो? तो मागच्या आसाच्याही मागे असतो; चाक खड्ड्यातून वर आले की शेपटाला सर्वांत मोठा हिसका. सर्वांत कमी हलते ती दोन आसांच्या मधली जागा. आईची खाट तिथे, मध्यापासून हातभर पुढे, पाय पुढच्या बाजूला करून. टाकी तिच्या मागे, म्हणजे पाणी डचमळण्याचा आवाजही दूर.

याहून महत्त्वाची एक गोष्ट दादांनी तेव्हा सांगितली आणि ती मला अजून विसरता आली नाही. रिकामी एसटी भरलेल्या एसटीपेक्षा जास्त आदळते, हा सर्वांचा अनुभव. कारण तिचे पाटे भरलेल्या गाडीसाठी घडलेले असतात. भार नसला की ते लवतच नाहीत. म्हणजे गरजेपेक्षा फार मजबूत गाडी घेतली, तर तीच ताकद आत निजलेल्या माणसाच्या पाठीवर येते. चव्वेचाळीस प्रवासी, माणशी पासष्ट किलो धरले तर २,८६० किलो होतात. आमचे सारे घर, पाण्यासह आणि माणसांसह, २,९०० किलोंत बसवले. गाडीला वाटावे की आपण अजून कामगारांनाच घेऊन चाललो आहोत. शेवटच्या काट्याला पुढे ४,५०० आणि मागे ६,९०० भरले, एकूण ११,४००. पुढे दीड टन, मागे ३.३ टन राखीव. ओटावाच्या त्या चौथ्या घाताने पाहिले, तर मागचा आस पूर्ण १०.२ टनांनी भरला असता तर रस्त्याचे नुकसान पावणेपाच पट झाले असते. परिक्रमेच्या पुण्यात एवढीही भर पडली तर वाईट काय!

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. त्यावर निराळी परिक्रमा होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेले रूप मालकाला मनाला येईल तसे बदलता येत नाही. परवानगी, तपासणी, नवी नोंद असे सारे पार पाडावे लागते. फिरत्या घरांसाठी देशात वेगळे मानक आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही मंजूर केले. ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी आधी कार्यालयात जाऊन विचारावे आणि मग पत्र्याला करवत लावावी. दादांनी तसेच केले.

या साऱ्यात माझा वाटा काय, असे सौ.ने एकदा विचारले. खर्चाचा निम्मा भाग मी द्यायचे ठरवून दादांकडे गेलो होतो. त्यांनी पैसे परत माझ्या खिशात घातले. म्हणाले, "तू मुलीच्या शिक्षणाकडे बघ." वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. त्यानंतर माझी फी, बहिणीचे लग्न, गावातल्या घराचे छप्पर, आईचे औषध, हे सगळे कुठल्या आसावर पडत होते हे मी कधी काट्यावर नेऊन पाहिले नव्हते. घराचे एकूण ओझे सर्वांना दिसते. ते कुणावर किती आले, याची चिठ्ठी कुणी घेत नाही. वाहणारा तर मुळीच बोलत नाही, कारण पाटे लवतात ते खालच्या बाजूला, पत्र्याआड. मी दादांना म्हटले, "मग मी या घरातला तिसरा आस. भार घेतो, पण गाडी ओढत नाही." दादा हसले. म्हणाले, "भार घे म्हणजे झाले. ओढायला मी आहे." शेवटी डिझेल आणि वाटेतला खर्च माझ्याकडे आला, आणि आईच्या उशाशी रात्री जागायची पाळीही.

श्रावणानंतर एक रंगीत तालीम झाली. आईला खाटेवर निजवून सोनगीरहून सावळद्यापर्यंत नेले आणि परत आणले. खाटेशेजारच्या फळीवर दादांनी पाण्याने भरलेले तांब्याचे फुलपात्र ठेवले होते. गतिरोधकांवर ते थोडे हिंदकळले, बाकी वाट ते शांत होते. तापीवरच्या पुलावर गाडी हळू केली, तेव्हा आईने मान वळवून खिडकीतून नदी पाहिली, हात जोडले आणि विचारले, "नर्मदा यापेक्षा मोठी का रे?" दादांना उत्तर देता आले नाही, त्यांनी नुसता गिअर बदलला.

चातुर्मासात परिक्रमा उचलत नाहीत. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या अंगणात बस धुऊन-पुसून उभी असेल आणि आई कार्तिकी एकादशीचे दिवस मोजत असेल. एकादशीनंतर आम्ही ओंकारेश्वरहून निघू. मी कॉलेजातून रजा घेतली आहे. माझे वजनही दादांनी हिशेबात धरले आहे : अठ्ठ्याहत्तर किलो, मागच्या आसाच्या जरा पुढे, डाव्या अंगाला.